‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं?

वहिनींना एमएस हा मेंदू आणि नसांचा आजार असल्याचं निदान झालं आणि गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कोणी शहाळी आणली, कोणी घरची केळी. शेजारच्या काकी तर दिश्ट काढायला मीठ-मिरच्या पदरात बांधूनच आल्या. आणि उंबऱ्याबाहेर चपला घालताना जवळजवळ प्रत्येकाने तेच सांगितलं, ‘‘पॉझिटिव्ह राहा हं!’’ वहिनी सगळ्यांना ‘हो, हो’ म्हणत राहिल्या. शेवटची गाडी फाटकाबाहेर गेली तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘भावजी, तुम्ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवता. एवढंच सांगा, पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं? इंजेक्शन कधी घ्यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलंय. हे कुणीच लिहून देत नाही.’’

सकारात्मक मानसशास्त्राचा धडा मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलोय. त्या संध्याकाळी मात्र मला धड उत्तर देता आलं नाही. पुढे वाचून, विचारून आणि वहिनींची बोलणी खाऊन जे हाती लागलं, ते इथे मांडतोय.

आधी आजाराबद्दल, कारण आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नसतो. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. नस ही विजेची वायर मानली, तर तिच्यावरचं आवरण म्हणजे मायलिन. या आजारात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिन कुरतडते. जिथे आवरण गेलं तिथून संदेश हळू जातो, अडखळतो किंवा पोचतच नाही. मागे राहतात ते घट्ट चट्टे. फ्रान्सचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली हा वेगळा आजार म्हणून मांडला आणि नाव पडलं ते या चट्ट्यांवरूनच. २०२०च्या जागतिक अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २८ लाख लोकांना एमएस आहे. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटीने जास्त. विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितकं त्याचं प्रमाण वाढतं, म्हणून युरोपात घरोघरी माहीत असलेलं हे नाव आपल्याकडे ‘वाताचा काहीतरी प्रकार’ म्हणून खपून जातं. कारण एकच असं सांगता येत नाही. २०२२मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्ताच्या जुन्या नमुन्यांवरून दिसलं, की एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका बत्तीस पटीने वाढतो. पण हा विषाणू जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो, तेव्हा तेवढ्याने कोडं सुटत नाही.

वहिनींचं सुरू झालं डोळ्यापासून. अंगणातली जास्वंद त्यांना उजव्या डोळ्याने लालभडक दिसायची आणि डाव्याने विटकरी. डोळा फिरवला की आतून ठणका. चष्म्याचा नंबर बदलून झाला, थेंब घालून झाले. मग काही महिन्यांनी डावा पाय जड झाला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चप्पल घसरून पडायची आणि त्यांना कळायचंही नाही. तेव्हा कुठे एमआरआय झाला.

सुमारे पंच्याऐंशी टक्के रुग्णांत हा आजार सुरुवातीला झटक्यांनी येतो. झटका येतो, काही दिवस किंवा आठवडे राहतो, पूर्ण किंवा अर्धामुर्धा ओसरतो आणि मग पुढचा कधी येईल ते सांगता येत नाही. आजची औषधं झटके कमी करतात, आजार मुळापासून जात नाही. पुढचा झटका कधी ते माहीत नसणं, ही गोष्ट मनाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येऊ.

आता बाहेरून न दिसणारा थकवा. हा दमल्याचा थकवा नव्हे. रात्रभर झोपून उठल्यावरही तो खाटेच्या कडेला बसलेला असतो. मला तो समजला इन्व्हर्टरमुळे. पावसाळ्यात फणसाची फांदी तारांवर पडून वीज गेली की आपण घर इन्व्हर्टरवर चालवतो. दोन पंखे आणि तीन दिवे चालतात, मिक्सर लावला की सगळंच बंद. बॅटरी किती उरली ते ठरवून वापरावं लागतं. एमएस असलेला माणूस रोज इन्व्हर्टरवर असतो, आणि बाहेरच्यांना दिवे लागलेले दिसतात म्हणून त्यांना वाटतं वीज आहे. एकदा बसमध्ये अपंगांसाठीच्या जागेवर वहिनी बसल्या तर मागून आवाज आला, ‘‘तरणीताठी दिसते की!’’ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण बसमधल्या माणसाने कायदा कुठे वाचलेला असतो!

गोव्यात त्यात उकाड्याची भर. अंग तापलं की मायलिन गेलेल्या नसांतून संदेश आणखीच अडखळतो. जर्मन डॉक्टर ऊटहोफ यांनी १८९०मध्ये हे नोंदवलं होतं. मे महिन्यात दुपारी गॅससमोर अर्धा तास उभं राहिलं की वहिनींच्या डाव्या डोळ्यापुढे करडा पडदा यायचा. पहिल्यांदा आम्ही सगळे घाबरलो, नवा झटका आला म्हणून. मानेवर गार पाण्याचा पंचा ठेवून पंख्याखाली बसल्या आणि वीस मिनिटांत जास्वंद पुन्हा होती तशी दिसली. अशा उष्णतेने नवी इजा होत नाही, लक्षणं तात्पुरती वर येतात, हे कळल्यावर त्या पडद्याची भीती निम्मी झाली. मला वाटतं मन सावरण्याची खरी सुरुवात तिथे झाली, कुठल्याही सुविचारापाशी नाही. शरीरात काय चाललंय याचा नकाशा हातात आला.

आता त्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाकडे.

१९९८ साली मार्टिन सेलिगमन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी आपल्या व्यवसायबंधूंना एक साधी गोष्ट विचारली. आपण माणसाला काय बिघडतं ते शोधण्यात सगळी शक्ती घालवली, पण माणसाचं बरं कशाने चालतं याचा अभ्यास तितक्याच काटेकोरपणे का करू नये? मिहाय चिक्सेंटमिहाय यांच्याबरोबर २०००मध्ये त्यांनी याची मांडणी प्रसिद्ध केली, आणि सकारात्मक मानसशास्त्र नावाची शाखा रुजली. नावाने घोटाळा केला, हे माझं प्रामाणिक मत आहे. ‘सकारात्मक’ म्हटलं की लोकांना हसरा चेहरा दिसतो. सेलिगमन यांनी २०११मध्ये सुखाचे जे पाच घटक सांगितले त्यांत हसरा चेहरा फार तर एका घटकात बसतो, सुखद भावनांच्या. उरलेले चार म्हणजे एखाद्या कामात रमणं, माणसांशी नातं, आपल्यापेक्षा मोठ्या कशाशी तरी बांधलेलं असण्याचा अर्थ, आणि काहीतरी तडीस नेल्याचं समाधान. हे पाच एकमेकांवर पूर्णपणे अवलंबून नसतात. उदास दिवशीही माणूस रमू शकतो. रडत रडतही नातं घट्ट होतं.

एमएसवाल्यांना यातून मिळणारी गोष्ट अशी, की आजार आणि बरं वाटणं ही एकाच तराजूची दोन पारडी नाहीत, की एक वर गेलं म्हणजे दुसरं खाली गेलंच पाहिजे. ते दोन वेगवेगळे तराजू आहेत. आजार तेवढाच राहून दुसऱ्या तराजूवर काहीतरी ठेवता येतं.

इथे एक इतिहासातला किस्सा सांगण्याचा मोह आवरत नाही. १९२६मध्ये कॉट्रेल आणि विल्सन या दोन डॉक्टरांनी एमएसचे शंभर रुग्ण तपासून लिहिलं की यातले बहुसंख्य आश्चर्य वाटावं इतके आनंदी असतात. तेव्हापासून कित्येक वर्षं हसतमुख असणं हे या आजाराचं लक्षणच मानलं गेलं. पुढच्या अभ्यासांत उलट दिसलं. असा अकारण उल्हास थोड्यांतच असतो, आणि नैराश्य मात्र फार जणांना येतं. एमएस असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं असा अंदाज आहे. म्हणजे हसऱ्या रुग्णाकडे बघून ‘हिचं बरं चाललंय’ असं ठरवण्याची चूक डॉक्टरांनीसुद्धा केलेली आहे, तर भेटायला येणाऱ्या पाहुण्यांचं काय घेऊन बसलात!

नैराश्याबद्दल रोखठोक सांगायला हवं. ते मनाचा कमकुवतपणा म्हणून येत नाही. मेंदूतल्या बदलांचा त्यात वाटा असतो आणि परिस्थितीचाही. त्याला औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत. अमेरिकेत तर एमएस रुग्णांवर सोळा आठवडे नुसत्या फोनवरून असे उपचार करून उपयोग झालेला दिसला आहे, म्हणजे घराबाहेर पडणं जमत नसलं तरी वाट बंद नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर आपल्या न्यूरॉलॉजिस्टना ते पायाच्या मुंग्यांइतक्याच सहजपणे सांगावं. सरकारची टेलि-मानस ही मदतवाहिनी १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालू असते. खाली जे सांगतोय ते याच्या जागी नव्हे, याच्या जोडीला.

मग सकारात्मक मानसशास्त्राचे हे प्रयोग खरंच चालतात का? माफक. २०१३मध्ये ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा परिणाम दिसला, पण लहानसा. जो कोणी ‘एकवीस दिवसांत आयुष्य बदला’ म्हणेल, त्याच्याकडे सरळ पाठ फिरवावी. पण ज्याच्याकडे इन्व्हर्टरची वीज आहे त्याला एक दिवा जास्त लागला तरी खोली वेगळी दिसते. शिवाय काही अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला दीडशे एमएस रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे श्वास आणि शरीराकडे लक्ष ठेवण्याचा, अभ्यासक्रम दिला. २०१०मध्ये निकाल आला. नैराश्य, थकवा आणि रोजच्या जगण्याचा दर्जा, तिन्हींत सुधारणा होती आणि पुढच्या सहा महिन्यांपर्यंत ती बऱ्यापैकी टिकली. दुसरा अभ्यास २०१६चा. पाठीच्या कण्याची इजा, एमएस, पोलिओनंतरचा त्रास अशा ९६ जणांचा, ज्यांना शारीरिक अपंगत्वाबरोबर जुनाट वेदनाही होती. त्यांतल्या एका गटातल्या प्रत्येकाला त्याच्या स्वभावाला मानवतील असे चार व्यायाम निवडून दिले, मनाचे. आठ आठवड्यांनी वेदनेवर आपला थोडा ताबा आहे ही जाणीव वाढलेली दिसली आणि अडीच महिन्यांनी पाहिलं तरी फायदा शिल्लक होता. ‘स्वभावाला मानवतील असे’ हे शब्द मी पेनाने अधोरेखित करून ठेवलेत. का, ते पुढे येईल.

आम्ही सुरुवात केली ती सगळ्यात प्रसिद्ध प्रयोगाने. रात्री झोपण्याआधी दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली ते लिहायचं. २००५च्या एका अभ्यासात आठवडाभर हे केलेल्यांना सहा महिन्यांनंतरही फरक जाणवत होता. ते लोक इंटरनेटवरून स्वतःहून आलेले होते, आजारी नव्हते, हे मात्र विसरू नये. वहिनींना मी कोरी वही आणून दिली. तिसऱ्या दिवशी वही माझ्या पुढ्यात परत आली. ‘‘रात्री नऊला माझी बोटं बधिर असतात भावजी, आणि डोक्यात चिखल. तुमच्या शास्त्रज्ञांना म्हणावं, आधी माझ्या हाताने एकदा लिहून बघा.’’

मग वही गेली आणि फोन आला. सकाळी चहा झाल्यावर, बॅटरी भरलेली असताना, त्या आपल्या धाकट्या बहिणीला व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवू लागल्या. पहिल्या आठवड्यातला एक मी ऐकलाय. ‘‘काल पोदेर (पाववाला) आला तेव्हा मी स्वतः फाटकापर्यंत गेले. का? कारण कट्ट्यावर बसायला खुर्ची ठेवलीय, वाटेत दम खाता आला. दुसरं, सोलकढी नीट जमली. का? आगळ आईने पाठवलेलं. तिसरं काही नाही. हां, रात्री पाऊस लागला, गार झालं.’’ यातला ‘का’ बघा. खुर्ची ठेवल्यामुळे फाटक गाठता आलं, हे बोलून दाखवल्यावर दुसऱ्याच दिवशी आणखी एक खुर्ची विहिरीजवळ गेली. आनंदाची यादी करता करता घराची मांडणी सुधारली.

दुसऱ्या महिन्यात त्या कंटाळल्या. रोज पोदेर, रोज सोलकढी. मला वाटलं प्रयोग फसला. पण मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात आठवड्यातून एकदाच हे करणाऱ्यांना फायदा झाला होता, तीनदा करणाऱ्यांना नाही. नेमाने केलं की मनाला सवय होते आणि ते औषधाच्या गोळीसारखं गिळलं जातं. थकणाऱ्या माणसाला याहून चांगली बातमी कोणती? आता हे फक्त रविवारी होतं. आणि वाईट आठवडा असेल तर होतही नाही. एका झटक्याच्या वेळी, स्टेरॉइडची सलाईन लावलेली असताना, बहिणीला गेलेला निरोप चार सेकंदांचा होता, ‘‘आज एकही नाही. ठेवते.’’ तो निरोप खरा होता, म्हणून मला तोही या प्रयोगाचाच भाग वाटतो. बळेच तीन गोष्टी गोळा करायला लावणं हा आजारी माणसावर दुसरा आजार लादण्याचा प्रकार आहे.

रमण्याचं प्रकरण आणखी मजेदार. चिक्सेंटमिहाय यांनी चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू अशांच्या अभ्यासातून दाखवलं, की काम आपल्या कुवतीला नेमकं पुरून थोडंसं ताणणारं असलं की माणूस त्यात बुडून जातो, वेळेचं भान जातं. फार सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर धसका. निरोगी माणसाची कुवत आज-उद्या साधारण तेवढीच असते. एमएसमध्ये ती सकाळ-संध्याकाळ बदलते. वहिनी पूर्वी भजनाला पेटी वाजवायच्या. बोटं बधिर झाल्यावर पेटी कपाटावर गेली, कारण द्रुत गजरात स्वर चुकले की त्यांना लाज वाटायची. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, एक दिवस काही न बोलता पेटी खाली काढून भाता साफ केला आणि स्वतः भाता मारायला बसला. वहिनींच्या एकाच हाताला काम उरलं. अभंग संथ लयीतला घेतला. पहिल्या दिवशी सात मिनिटं, मग हात खाली. पण त्या सात मिनिटांत पायातल्या मुंग्या आठवल्या नाहीत, असं त्यांनीच सांगितलं. हात जड असेल त्या दिवशी त्या नुसता सूर धरतात. काम सोपं-अवघड करण्याची किल्ली आपल्या हातात ठेवायची, एवढंच यातलं तंत्र.

आणि आता नात्यांबद्दल, जिथे आम्ही घरचे सपशेल नापास झालो होतो. शेली गेबल या संशोधक बाईंनी २००४मध्ये एक वेगळाच धागा पकडला. संकटात माणूस आपल्याशी कसा वागतो हे सगळेच बघतात, यांनी बघितलं की आपण चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा काय म्हणतो. उत्साहाने पुढे विचारतो, की थंडपणे ‘बरं’ म्हणतो, की त्यातली खोट काढतो? नात्याची तब्येत यावरून फार चांगली कळते. हे वाचून मी आमच्या घरातले संवाद ऐकायला लागलो. वहिनी म्हणाल्या, ‘‘आज न धरता जिना चढले.’’ आई लगेच, ‘‘असं करू नकोस गो बाय, पडशील!’’ दादा, ‘‘डॉक्टरांना विचारलं होतंस?’’ मी, ‘‘वा, छान,’’ आणि नजर पेपरात. तिघांच्याही मनात मायाच होती. पण ती बातमी जन्मताच मेली. पुढच्या वेळी वहिनींनी सांगितलंच नाही. आता आम्ही निदान एक प्रश्न विचारतो. कधी? किती पायऱ्यांवर थांबलीस? वर पोचल्यावर काय केलंस? काळजी असतेच, ती नंतर कठड्याला दुसरा दांडा बसवून दाखवता येते. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही माझं एवढंच सांगणं आहे. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्याऐवजी ‘या आठवड्यात काय काय केलंत?’ असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत बसा.

याच्या उलट बाजूने मिळणारं बळही कमी नसतं. १९९९मध्ये कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी एका जुन्या प्रयोगाकडे परत वळून पाहिलं. त्यात एमएस असलेल्याच काही जणांना फोनवरून दुसऱ्या रुग्णांचं ऐकून घ्यायला शिकवलं होतं. ज्यांना फोन जायचे त्यांच्यापेक्षा फोन करणाऱ्यांमध्येच जास्त सुधारणा दिसली. वहिनींनी गेल्या वर्षी डॉक्टरांना आपला नंबर देऊन ठेवला, एखाद्या नव्या रुग्णाला हवा असेल तर द्या म्हणून. एक पंचविशीतली मुलगी अधूनमधून फोन करते. मी सहज विचारलं, तिला काय सांगता? ‘‘काय सांगणार? मे महिन्यात पंचा कुठे ठेवायचा ते सांगते.’’ ज्यांना असा एक नंबर हवा असेल त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था माहीत करून घ्यावी, ती १९८५पासून काम करते. आणि पणजीला २०२३च्या जानेवारीत पहिल्यांदा भरला तो दिव्यांगांचा पर्पल फेस्ट नुसता बघायला गेलं तरी आपण एकटे नाही हे डोळ्यांना पटतं.

मघाशी म्हटलं होतं ना, परत येऊ म्हणून? पुढचा झटका कधी ते माहीत नाही, ही गोष्ट. माणूस वाईटाशीही जुळवून घेतो हे आपण ऐकलेलं असतं. १९७८च्या एका गाजलेल्या अभ्यासात लॉटरी लागलेले लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांहून फारसे सुखी निघाले नाहीत आणि अपघातात हातपाय लुळे पडलेले आपण समजतो तितके दुःखी निघाले नाहीत. पण जुळवून घ्यायला जमीन स्थिर लागते. एकदा पाय गेला की गेला, मन त्याच्याभोवती पुन्हा घर बांधतं. एमएसमध्ये जमीनच सरकत राहते. आज काठी लागते, महिन्याने लागत नाही, वर्षाने पुन्हा लागते. म्हणून ‘स्वीकार करा’ हा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. नक्की काय स्वीकारायचं? स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आशेची जी व्याख्या केली ती मला इथे जास्त कामाची वाटते. त्यांच्या मते आशा म्हणजे चांगलं होईल असं वाटणं एवढंच नसून, ठरवलेलं ठिकाण, तिथे जाणाऱ्या एकाहून जास्त वाटा, आणि त्या वाटेने मी जाईन ही जिद्द, असं तिघांचं मिळून ते काम आहे. एक वाट बंद पडली तर दुसरी आधीच शोधून ठेवलेली असणं.

आमच्याकडे याचा धडा माटोळीने दिला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि कुळागरातली फळं-पानं बांधतात ती माटोळी. बांधणं हे पुरुषांचं काम मानतात, पण वहिनींचं माहेर सत्तरी तालुक्यातलं. कांगण्या कुठे मिळतात, कवंडळं कोणत्या वळणावर, घागऱ्या कशा खुडायच्या म्हणजे गळत नाहीत, हे आमच्या घरात त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आजाराच्या पहिल्या वर्षी सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं, ‘‘तुम्ही बसा, आम्ही करतो.’’ त्या आत जाऊन पडल्या. आम्ही केवणीचा दोर सापडेना म्हणून प्लॅस्टिकच्या दोरीने बांधली, आणि ऐन आरतीत, घुमट या मातीच्या वाद्यांच्या गजरात, चिबूड सुटून समईपाशी आपटला. मी वहिनींच्या खोलीत डोकावलो. त्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

माणसाचे चोवीस गुण मोजण्याची एक यादी पीटरसन आणि सेलिगमन यांनी २००४मध्ये केली होती, आणि आपला ठळक गुण ओळखून तो नव्या तऱ्हेने वापरायचा असा त्यावरचा प्रयोग आहे. वहिनींना ती प्रश्नावली द्यायची गरज पडली नाही. स्टुलावर चढणं हा त्यांचा गुण कधीच नव्हता. त्यांचा गुण होता रान ओळखणं आणि दहा माणसांना कामाला लावणं, आणि आम्ही पाय सांभाळायच्या नादात तोच काढून घेतला होता. दुसऱ्या वर्षी माटोळीखाली वेताची खुर्ची ठेवली. पुतण्यांना त्यांनी आठवडाभर आधी यादी देऊन रानात पाठवलं, मोबाईलवर फोटो मागवले, ‘‘हे नव्हे, याच्या पानाला मागून लव असते ते’’ म्हणून दोनदा परत धाडलं. मग खुर्चीत बसून, हातात गार पाण्याची बाटली घेऊन, एकेक बांधून घेतलं. नारळाची पेंड मध्ये, सुपारीचं शिपटं डावीकडे, तोरिंग जड म्हणून आढ्याजवळ. मधल्या वेळात अर्धा तास आडव्या झाल्या, आणि तोवर कुणी दोराला हात लावला नाही.

यंदा त्यांनी आणखी एक बदल केला. दुपारपर्यंत आपली बॅटरी उतरते म्हणून माटोळी आता सकाळी सहाला बांधायला घेतात. दादा कुरकुरतो. चवथीच्या आदल्या दिवशी सहाला उठायचं म्हणजे काय गंमत आहे, म्हणतो. पण साडेपाचला चहाचं आधण तोच ठेवतो.